एक मीलन, दोन आहार : डासाची मादी अंडी कशी घालते

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



डेंग्यूच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमच्याकडे आधी धाकट्याला झाला, मग आठ-दहा दिवसांनी हिला आणि माझ्या आईला एकदमच झाला." मग लोक विचारतात, हा रोग शिंकण्या-खोकण्यातून पसरतो का? तसा तो पसरत नाही. मग एकाच घरात दोघं एकदम कसे आजारी पडतात? याचं उत्तर पुष्कळसं डासाच्या मादीच्या पोटात आहे. ती काय खाते, कशासाठी खाते, आणि तिचं मीलन झालेलं आहे की नाही, यात आहे. आज तेवढंच बोलायचं आहे. मलेरियाची औषधं, डेंग्यूची लस, हे विषय आज घेत नाही.

पहिली गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण उजळणी करू. चावते ती फक्त मादी. नर कधीच चावत नाही, त्याच्या तोंडाला कातडी भेदण्याची सोयच नाही. मग नर काय खातो? फुलातला मधुरस, झाडाच्या देठातून पाझरणारा गोड रस, पिकलेली फळं. आणि इथं बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की मादीसुद्धा तेच खाते. रक्त हे तिचं रोजचं जेवण नव्हे. उडायला, जगायला लागणारी ताकद तिला साखरेतून मिळते. रक्त लागतं ते अंड्यांसाठी. साखरेत प्रथिनं नसतात आणि अंडं भरायचं म्हणजे प्रथिनं हवीत. बाळंतिणीचा डिंकाचा लाडू वेगळा आणि घरातली रोजची पोळी-भाजी वेगळी, तसं काहीसं. प्रयोगशाळेत डास पाळतात तिथं जाऊन बघा. पिंजऱ्यात साखरपाण्यात भिजवलेला कापूस ठेवलेला असतो, काही ठिकाणी भिजवलेल्या मनुका असतात. अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा आणि यीस्ट घालतात. नुसत्या साखरेवर मादी मजेत जगते, पण आपल्या नेहमीच्या जातींची असेल तर अंडी घालत नाही.

आता मीलनाकडे वळू. यात मोठी गंमत आहे.

नर कोषातून बाहेर येतो तेव्हा तो लग्नाला तयार नसतो. त्याचे जननावयव चक्क उलट्या दिशेला असतात. पुढच्या साधारण एका दिवसात ते १८० अंशांत फिरतात आणि मग तो कामाचा होतो. बहुधा म्हणूनच नर माद्यांच्या आधी कोषातून बाहेर पडतात. संध्याकाळी डोक्यावर किंवा एखाद्या झुडपावर डासांचा गोल गोल फिरणारा घोळका तुम्ही पाहिला असेल. तो बहुतेक सगळा नरांचा असतो. मादी त्यात शिरते, एखादा नर तिला पकडतो आणि जोडी बाहेर पडते. एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यूचा डास, याचा नर मात्र अनेकदा माणसाच्या आसपासच घुटमळतो. मादी चावायला इथंच येणार, हे गणित पक्कं असतं.

तो मादीला ओळखतो आवाजावरून. नराच्या डोक्यावरच्या त्या पिसासारख्या मिशा म्हणजे त्याचे कान. १९४८ साली लुई रॉथ या अमेरिकन संशोधकानं दाखवलं, की योग्य सुराचा नादकाटा वाजवला की एडिसचे नर त्याच्याकडे झेपावतात. त्यांना वाटतं, मादी आली. (हशा) पुढं २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. एडिसच्या मादीचे पंख सेकंदाला साधारण ४०० वेळा हलतात, नराचे ६००. आता ४०० ला ३ नं गुणा, १२०० येतात. ६०० ला २ नं गुणा, तेही १२००. जोडी जवळ आली की दोघं पंखांची गती थोडी इकडे-तिकडे करून या १२०० वर सूर जुळवतात. गाणं शिकणाऱ्यांनी हे समजून घ्यावं, तानपुरा लावण्यासारखंच आहे.

प्रत्यक्ष मीलन मात्र अगदी थोडक्यात उरकतं, एडिसमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत. आणि या अर्ध्या मिनिटात मादीचं पुढचं आयुष्य ठरतं. शुक्राणू तिच्या पोटातल्या छोट्या पिशव्यांत साठवले जातात. एडिस आणि क्युलेक्समध्ये अशा तीन पिशव्या, अ‍ॅनोफिलीसमध्ये एक. हा साठा तिला जन्मभर पुरतो. अंडं बाहेर पडताना त्याचं फलन होतं. म्हणजे अंड्यांची खेप दरवेळी नवी, शुक्राणू मात्र त्याच एका नराचे.

पण ती दुसऱ्यांदा मीलन का करत नाही? इच्छा नसते म्हणून, असं म्हणून भागत नाही. १९६७ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातल्या जॉर्ज क्रेग यांनी एक साधा प्रयोग केला. नराच्या शरीरात शुक्राणूंबरोबर जाणारा द्रव तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्या ग्रंथी काढून त्यांनी कुमारी माद्यांच्या शरीरात बसवल्या. शुक्राणू नाहीत, नराची भेट नाही. तरीही त्या माद्या जन्मभर नरांना नकार देत राहिल्या. म्हणजे निष्ठा ही नरानं दिलेल्या रसायनाची करामत. पुढच्या पन्नास वर्षांत या द्रवातली बरीच प्रथिनं ओळखली गेली. त्यातला एक लहानसा रेणू पहिल्या काही तासांपुरता दरवाजा बंद करतो, बाकीची रसायनं तो कायमचा बंद ठेवतात, असं आता दिसतं.

या गोष्टीला मराठीत आपण सहज "एकपत्नीव्रत" वगैरे म्हणून टाकतो, पण तसं नाही हं. व्रत फक्त मादीला आहे. नर पुढच्या मादीकडे जायला मोकळा. त्यालाही मर्यादा आहे. त्या ग्रंथींतला द्रव एकापाठोपाठ काही माद्या झाल्या की संपतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. अळी असताना तो उपाशी राहिला असेल तर तो मुळातच लहान निघतो, आणि त्याच्याकडे देण्यासारखंही कमीच असतं.

आता रक्ताकडे येतो.

एडिसची मादी दोन-तीन मिलिग्रॅम वजनाची, आणि एका वेळी ती जवळपास स्वतःच्या वजनाइतकं रक्त पिते. साठ किलोच्या माणसानं एका बैठकीत साठ किलो जेवण्यासारखं. शिवाय ते गरम असतं. डासाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, तेव्हा सदतीस अंशांचं रक्त एकदम पोटात जाणं ही परीक्षाच. अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा आपल्या मुंबईसारख्या शहरांतला मलेरियाचा डास. याची मादी रक्त पितानाच मागच्या टोकाला एक लाल थेंब धरून ठेवते. लघवी आणि थोडं ताजं रक्त. तो थेंब वाळताना शरीर थंड होतं. आपल्या माठासारखंच. हे २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उष्णतेच्या कॅमेऱ्यानं टिपलं. पूर्वी लोकांना वाटायचं, एवढं कष्टानं मिळवलेलं रक्त ही मादी वाया का घालवते?

पोटात गेलेल्या रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे होतात, अमिनो आम्लं तयार होतात. ही आम्लं आली, हाच शरीराला निरोप. मेंदूतून काही संप्रेरकं सुटतात, ती अंडाशयाला जागं करतात. अंडाशय एक्डायसोन नावाचं संप्रेरक बनवतो. हे मूळचं कीटकांचं कात टाकण्याचं संप्रेरक, मोठ्या मादीत मात्र त्याला वेगळं काम दिलेलं आहे. त्याचं सक्रिय रूप चरबीच्या पेशींना सांगतं, की आता अंड्यातला बलक बनवा. एडिसमध्ये हे काम एका दिवसात ऐन भरात येतं आणि तीन दिवसांत शंभराच्या आसपास अंडी तयार होतात. या काळात मादीला माणसाचा वास आला तरी ती फिरकत नाही. पोट ताणलेलं असतं हे एक कारण, आणि नंतर संप्रेरकांमुळंही भूक मारली जाते. २०१९ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात यावरून एक मजेशीर प्रयोग झाला. माणसाची भूक कमी करण्यासाठी शोधलेली काही औषधं एडिसच्या माद्यांना पाजली, तर त्यांनीही माणसाकडे पाठ फिरवली. डासाचं आणि आपलं "पोट भरलं" हे कळण्याचं यंत्र इतकं जवळचं आहे.

आता आजच्या व्याख्यानातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. इतका वेळ मी मीलन एका बाजूला आणि आहार एका बाजूला ठेवला. हे दोन प्रवाह एकत्र येतात कुठं? आफ्रिकेतला मलेरियाचा मुख्य डास, अ‍ॅनोफिलीस गॅम्बी, यात त्याचं फार सुंदर उत्तर सापडलं. याचा नर शुक्राणूंमागोमाग मादीच्या शरीरात घट्ट झालेल्या द्रवाचं एक बूच बसवतो. पूर्वी वाटायचं, बूच म्हणजे दुसऱ्या नराला अडवायची खिळी. पण मादी ते बूच दीड-दोन दिवसांत विरघळवून टाकते, मग खिळीचा उपयोग काय? फ्लामिनिया कॅटेरुच्या यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की त्या बुचात तेच संप्रेरक भरलेलं असतं. एक्डायसोनचं सक्रिय रूप. रक्त प्यायल्यावर मादीच्या शरीरात जे तयार होतं, तेच नर आधी हातावर ठेवतो. त्यामुळं मादीच्या शरीरात एक प्रथिन वाढतं, आणि पुढं रक्त मिळालं की अंड्यांत चरबी जास्त साठते, अंडी जास्त होतात. त्याच संप्रेरकामुळं ती दुसऱ्या नराला नाकारायला लागते. म्हणजे या जातीत नर नुसते शुक्राणू देत नाही, जेवणाच्या आधीच चूल पेटवून ठेवतो. सगळ्या अ‍ॅनोफिलीसमध्ये मात्र हे नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या अल्बिमॅनस जातीत असं बूचच नसतं. डास म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो, तसं करू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

अपवादांचं म्हणाल तर आणखी आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेतला म्हणून प्रसिद्ध झालेला क्युलेक्सचा एक प्रकार अंड्यांची पहिली खेप रक्ताशिवाय घालतो. अळी असताना घाणेरड्या पाण्यात जे खाल्लं त्याच्याच शिल्लकीवर. आणि टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा भला मोठा, चमकदार डास आहे, तो आपल्याकडेही आढळतो. त्याची मादी आयुष्यात कधीच रक्त पीत नाही. कारण त्याच्या अळ्या दुसऱ्या डासांच्या अळ्या खाऊन प्रथिनांचा साठा लहानपणीच करून ठेवतात. अंड्यांना प्रथिनं हवीत एवढंच खरं. ती कधी आणि कुठून मिळवायची, हे प्रत्येक जातीनं आपापलं ठरवलेलं आहे.

म्हणून अळीचा आहार हा या विषयातला दुर्लक्षित भाग. एका लहान डब्यात खूप अळ्या दाटीनं वाढल्या तर माद्या बारीक निघतात. बारीक मादी कमी अंडी घालते. पण तिची शिल्लक इतकी कमी असते, की पहिल्या खेपेसाठी तिला अनेकदा एक चावा पुरत नाही. पहिलं रक्त अंगालाच लागतं, अंड्यांसाठी दुसरं प्यावं लागतं. म्हणजे अंडी कमी, पण चावे जास्त.

आणि आता सुरुवातीच्या घराकडे. माणसाच्या रक्तात आयसोल्युसिन हे एक अमिनो आम्ल फार कमी असतं. अंड्याच्या बलकासाठी ते लागतं. म्हणजे निव्वळ अंड्यांच्या हिशेबानं एडिसनं उंदराच्या किंवा दुसऱ्या प्राण्याच्या मागं लागायला हवं. ती तर हट्टानं माणसालाच चावते. २००१ मध्ये लॉरा हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. फक्त माणसाच्या रक्तावर ठेवलेल्या, साखर न दिलेल्या माद्या बाकीच्यांपेक्षा सरस ठरल्या. कारण जे रक्त अंड्यांना पुरेसं उपयोगी पडत नाही, त्याचं ती ताकदीत रूपांतर करते. तिला फुलांकडे जायची गरजच कमी पडते. घरातच राहायचं, कपाटामागं, पलंगाखाली बसायचं, आणि थोडं थोडं पण वारंवार प्यायचं. थायलंड आणि पोर्टो रिको इथल्या अभ्यासांत हेच दिसलं, की अंड्यांच्या एका खेपेसाठी एडिस एकापेक्षा जास्त वेळा चावते. त्यात ती दिवसा चावते. माणूस जागा असतो, हात झटकतो, ती उठून शेजारच्याला चावते. एकच मादी, एकच खेप, आणि घरातली दोघं-तिघं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे.

मधले आठ-दहा दिवस कशाला लागले, तेही बघू. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग देत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. तेवढी ती जगली पाहिजे. जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात मलेरियासाठी हे गणित मांडलं, आणि ते आजही प्रत्येकानं एकदा कागदावर करून बघावं. समजा १०० माद्या आहेत आणि रोज शंभरातल्या १० मरतात. दहा दिवसांनी उरतात ३५. आता रोज १० ऐवजी २० मरतात असं धरा. दहा दिवसांनी उरतात ११. मरण दुप्पट झालं, पण धोकादायक माद्या तिपटीहून कमी झाल्या. डासांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचं वय मोजणं जास्त महत्त्वाचं, हे माझं ठाम मत यावरूनच झालेलं आहे.

आणि वय येतं साखरेतून, निदान मलेरियाच्या डासांत. इथं आपल्या पुण्याचा संबंध येतो. काँग्रेस गवत, ज्याला गाजरगवत म्हणतात, ते भारतात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात. मूळचं अमेरिकेतलं हे तण आता पूर्व आफ्रिकेतही पसरलं आहे. केनियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की अ‍ॅनोफिलीस गॅम्बीची मादी रक्त न मिळताही या गवताच्या रसावर चांगली तग धरते. मालीमध्ये तर त्याहून थेट प्रयोग झाला. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात, ती तिथंही लावली गेली आणि फोफावली. नऊ गावं घेतली. सहा गावांत ही बाभूळ होती, तीन गावांत नव्हती. सहापैकी तीन गावांतल्या झाडांच्या फुलांच्या फांद्या तोडल्या. तिथले डास अर्ध्याहून अधिक घटले, आणि म्हाताऱ्या माद्यांचं प्रमाण विशेष घटलं. पाण्याला हात लावला नाही, फवारणी केली नाही. फक्त जेवण काढून घेतलं.

शेवटचा मुद्दा नर सोडण्याचा. मादी एकदाच मीलन करते, तर तिला निकामी नर भेटवा, म्हणजे तिची जन्मभराची अंडी वाया. कल्पना सोपी. १९६७ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात हानेस लाव्हेन यांनी क्युलेक्सवर ती यशस्वी करून दाखवली. मग १९७० नंतर जागतिक आरोग्य संघटना आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत मोठं केंद्र काढलं. दिल्लीभोवतीच्या गावांत लाखो नर सोडले. अडचण काय आली? शेजारच्या गावांतून आधीच मीलन झालेल्या माद्या उडत येत राहिल्या. त्यांची पिशवी आधीच भरलेली, आता नर कितीही सोडा. ज्या निष्ठेवर सगळी योजना उभी होती, तीच उलटली. पुढं या केंद्रावर परक्या देशाच्या जैविक युद्धाची तयारी असल्याचे आरोप झाले, संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं, सोनीपतला एडिसचे नर सोडायची तयारी झालेली होती ती बारगळली आणि १९७५ मध्ये केंद्र बंद पडलं. लोकांना आधी नीट सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो. जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ मध्ये जनुक बदललेल्या एडिस नरांच्या चाचण्या सुरू झाल्या त्या बंद जाळीतल्या पिंजऱ्यांत. एवढी सावधगिरी का, ते या इतिहासावरून कळेल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग घरातल्या कुंड्यांतली फुलझाडं काढून टाकायची का?

नाही हो. एडिस तुमच्या जास्वंदीवर फारशी अवलंबून नाही, ती तुमच्यावर अवलंबून आहे. (हशा) झाड राहू द्या, कुंडीखालची ताटली बघा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचा टायर, रांजण. आठवड्यातून एक कोरडा दिवस म्हणतात तो याचसाठी, कारण अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. आणि नुसतं पाणी ओतून देऊ नका, भांडं आतून घासा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या बाहेर येतात.

प्रश्न : नर डास सोडले तर आम्हाला जास्त चावणार नाहीत का?

नर चावतच नाहीत. चिंता असते ती त्यांच्यात चुकून गेलेल्या माद्यांची. वेगळं करायला एक सोपी खूण आहे, नराचा कोष मादीच्या कोषापेक्षा लहान असतो, त्यामुळं आकारावरून ते चाळता येतात. पण अळ्यांना खाणं कमी-जास्त मिळालं तर उपाशी मादीचा कोषही लहान होतो आणि चाळणीतून निघून जातो. म्हणून अशा केंद्रांत सगळ्यात जास्त लक्ष कुठं द्यावं लागतं, तर अळ्यांच्या ताटाकडे. प्रत्येक तबकात किती अळ्या आणि रोज किती मिलिग्रॅम खाणं, याची वही असते.